शेवटच्या नळावरची ओटी: लहान गावच्या पाणी योजनेची देखभाल, पायरीपायरीने

गावच्या पाण्याबद्दल विचारलं की सगळ्यांची बोटं टाकीकडे जातात. टाकी धुतली, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली, झालं. पण लोक पाणी टाकीतून पीत नाहीत, नळावरून पितात, आणि सगळ्यात खराब पाणी लाइनच्या टोकाच्या घरात येतं. म्हणून योजना नीट चालली आहे की नाही हे एकाच आकड्यावरून ओळखावं: शेवटच्या नळावर मुक्त क्लोरीन, म्हणजे कशाशीही बांधलं न गेलेलं, जंतू मारायला उरलेलं क्लोरीन, किती आहे. ते ओटीने, म्हणजे ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांच्या चाचणीने, मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) किमान ०.२ पीपीएम सांगितलं आहे. एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. पावडर, मोटर, टाकी, गळती, गटार यांतलं काहीही बिघडलं तरी ते बहुतेक वेळा आधी या आकड्यात दिसतं.

हिशेबासाठी एक गाव धरू. लोकसंख्या १,२००. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे दिवसाला ६६,००० लिटर. एक विहीर, ५ एचपीची मोटर, तासाला १०,००० लिटर उपसा, ५०,००० लिटरची उंच टाकी आणि तिथून गावभर लाइन. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

आधी कागदावर गाव काढा

एका मोठ्या कागदावर विहीर, टाकी, प्रत्येक व्हॉल्व्ह, वॉशआउट (गाळ-पाणी बाहेर सोडायचं तोंड), लाइनचा व्यास आणि प्रत्येक फाट्याचं टोक दाखवा. लाइन गटार ओलांडते ती ठिकाणं लाल पेनाने दाखवा. व्हॉल्व्ह कुठे पुरला आहे हे एकट्या जुन्या पाणीवाल्याला ठाऊक असतं आणि तो गावाला गेला की लाइन फुटते, हा प्रकार या कागदाने थांबतो. प्रत्येक फाट्यावरचं शेवटचं घर निवडून ठेवा. इथून पुढची तपासणी त्याच घरांत होणार आहे.

टीसीएलचा डोस: ठरलेला आकडा नको, चाचणी करा

हजार लिटरला पाच ग्रॅम, हे सूत्र बहुतेक ग्रामपंचायतींच्या भिंतीवर सापडतं. सुरुवातीला ठीक आहे, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: पावडर ताजी आहे आणि पाणी स्वच्छ आहे. ताज्या टीसीएलमध्ये ३२ ते ३४ टक्के क्लोरीन असतं. गोणी उघडी राहिली, ओल लागली, पत्र्याच्या खोलीत तापली की ते उतरत जातं. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये. डोळ्यांना दोन्ही पावडरी सारख्याच पांढऱ्या दिसतात आणि वासावरूनही टक्केवारी कळत नाही.

म्हणून नवी गोणी फोडली की, पहिला मोठा पाऊस झाला की, आणि एरवी महिन्यातून एकदा बादलीची चाचणी करा. लागतं ते एवढंच: २० लिटरच्या चार प्लॅस्टिकच्या बादल्या, ५ मिलीची सिरिंज, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि ओटीचा संच.

१. एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम टीसीएल. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग उरलेलं पाणी घाला. अर्धा ते एक तास निवळू द्या. वरचं नितळ पाणी म्हणजे तुमचं द्रावण. पावडर २५ टक्क्यांची असेल तर हे एक टक्का क्लोरीनचं द्रावण होतं.

२. चारही बादल्यांत विहिरीचं, टीसीएल न पडलेलं पाणी २० लिटर भरा.

३. पहिलीत २ मिली, दुसरीत ४, तिसरीत ६, चौथीत ८ मिली द्रावण घाला. म्हणजे अनुक्रमे १, २, ३ आणि ४ पीपीएम. स्वच्छ दांड्याने ढवळा, झाका, सावलीत ठेवा.

४. अर्ध्या तासाने प्रत्येक बादलीची ओटी घ्या. जिच्यात ०.५ पीपीएमच्या आसपास क्लोरीन उरलं, ती तुमची बादली.

समजा दुसरी बादली ठरली. म्हणजे २० लिटरला ४ मिली द्रावण. ५०,००० लिटरला ते १० लिटर होतं, आणि १० लिटर द्रावणात ४०० ग्रॅम पावडर आहे. या पद्धतीची गंमत अशी की पावडरची खरी टक्केवारी माहीत नसली तरी चालतं. जी पावडर टाकीत जाणार तिनेच चाचणी केली, त्यामुळे तिचा जोर हिशेबात आपोआप आला.

ज्यांच्याकडे टक्केवारीचा ताजा अहवाल आहे त्यांच्यासाठी सूत्र: पाण्याचे लिटर गुणिले लागणारे पीपीएम, भागिले टक्केवारीची दहापट. ५०,००० × २ ÷ (१० × २५) = ४०० ग्रॅम.

चारही बादल्यांत काहीच उरलं नाही तर दोन शक्यता आहेत. पावडर मेली आहे, किंवा पाणीच क्लोरीन खातं आहे: गाळ, शेवाळ, सांडपाणी. कोणती ते ठरवायला तीच चाचणी शेजारच्या गावातून आणलेल्या ताज्या पावडरीने करा.

टाकायची कशी

कोरडी पावडर टाकीत ओतू नका. ही सवय सगळीकडे आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान हिनेच होतं. पावडरीतला चुना तळाशी बसतो, वर्षभरात त्याचा थर होतो, व्हॉल्व्हच्या खाचेत जमतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. क्लोरीनही सगळीकडे सारखं पसरत नाही. पहिल्या घरांना डोळे चुरचुरतील एवढं मिळतं, शेवटच्या घरांना शून्य.

दुसरी चूक म्हणजे 'टाकीला एकदा' हा हिशेब. आपल्या गावात टाकी दिवसातून एकदा पूर्ण आणि एकदा अर्धवट भरते. सकाळी ४०० ग्रॅम टाकून दुपारी मोटर पुन्हा चालवली तर दुपारचे १६,००० लिटर कोरेच. डोस टाकीला नसतो, उपसलेल्या प्रत्येक लिटरला असतो.

सोपा उपाय असा: टाकीवर, पाणी पडतं त्या तोंडाशी, २० लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन ठेवा. खाली प्लॅस्टिकचाच कॉक बसवा, पितळी कॉक क्लोरीनने काही महिन्यांत खराब होतो. त्यात निवळलेलं द्रावण भरा. तासाला १०,००० लिटर पाणी येत असेल आणि डोस २ पीपीएम असेल तर तासाला २ लिटर द्रावण पडायला हवं, म्हणजे मिनिटाला साधारण ३३ मिली. मोजपात्र धरून मोबाइलच्या घड्याळावर एक मिनिट मोजा आणि कॉक त्यावर लावा. कॅनमधली पातळी उतरली की धार मंदावते, म्हणून तासाभराने पुन्हा एकदा बघा. द्रावण नीट निवळलेलं नसेल तर कॉक चुन्याने तुंबतो. धार थांबली आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, ओटी शून्य आल्यावर कळतं.

द्रावण रोजचं रोज करा. हातमोजे, चष्मा, तोंडाला रुमाल, आणि वाऱ्याकडे पाठ. खाली राहिलेला चुना विहिरीपासून लांब खड्ड्यात टाका. टीसीएलशेजारी डिझेल, खत किंवा ॲसिड ठेवू नका. ॲसिडचा स्पर्श झाला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. गोणी जमिनीवर नको, फळीवर. लोखंडी पिंपात नको, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात. तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नका. ग्रामपंचायती वर्षाची खरेदी मार्चमध्ये एकदम करतात आणि जुलैत, नेमकी गरज असते तेव्हा, अर्ध्या ताकदीची पावडर हातात राहते.

ओटी घेताना

नळ मिनिटभर वाहू द्या, मग नळी खुणेपर्यंत भरा. संचावर लिहिले असतील तेवढेच थेंब घाला, उलटसुलट करा आणि दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग तक्त्याशी ताडून बघा. दहा सेकंदांत येतो तो मुक्त क्लोरीनचा रंग. पाच मिनिटांनी गडद होतो त्यात बांधलेलं क्लोरीनही मोजलं जातं, आणि ते जंतू मारण्यात फार दुबळं असतं. रंग नारिंगी-लाल झाला तर क्लोरीन जरुरीपेक्षा खूप जास्त आहे.

पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तर क्लोरीन नसतानाही फिकट पिवळा रंग येतो. शंका असेल तर टीसीएल न पडलेल्या विहिरीच्या पाण्याची ओटी घ्या. तिथेही पिवळं आलं तर तुमचा आकडा फसवा आहे. अशा ठिकाणी, आणि जमलं तर सगळीकडेच, ओटीऐवजी डीपीडी गोळी वापरा, तिने क्लोरीनचा रंग गुलाबी येतो. ओटीचं रसायन विषारी आहे, ते हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी पिण्याच्या भांड्याजवळ ओतू नका. बाटली उन्हात ठेवली किंवा मुदत संपली की रंग खोटा येतो. डीपीडीचीही एक खोड लक्षात ठेवा: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि शून्य वाटतं.

रोज तीन ठिकाणी ओटी घ्या: टाकीचा निकास, मधलं एखादं घर, शेवटचं घर. टाकीतून पाणी सोडण्याआधी टीसीएल पडून किमान अर्धा तास झालेला असावा. टाकीच्या निकासाला ०.५ ते १ आणि शेवटी ०.२ ते ०.५ मिळत असेल तर घडी बसली आहे. शेवटचं घर आठवड्याने बदला, म्हणजे सगळे फाटे येतील.

आकडा काय सांगतो

टाकीवर शून्य: पावडर जुनी, डोस कमी, कॉक तुंबला, किंवा पाणी गढूळ. बादलीची चाचणी पुन्हा करा.

टाकीवर ०.८, मधल्या घरात ०.६, शेवटी शून्य: टाकीचा दोष नाही. मधल्या आणि शेवटच्या घरामधल्या लाइनमध्ये काहीतरी क्लोरीन खातं आहे. बहुतेक वेळा गटाराजवळची गळती, नाहीतर आंधळं टोक, जिथे पाणी दिवसभर साचून राहतं. इथे डोस दुप्पट करणं हा उपाय नव्हे. त्याने पहिल्या घरांची तक्रार येते आणि घाण तशीच आत राहते. फाट्याच्या मधोमध असलेल्या घरांत एकेक ओटी घेत पुढे सरका. आकडा जिथे एकदम पडतो त्या दोन घरांच्या मधेच खोदायचं.

पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं शून्य, नंतर ठीक: लाइन बंद असताना बाहेरचं पाणी आत आलं. हा आकडा फार महत्त्वाचा आहे, आणि पाणी सुटून अर्धा तास झाल्यावर ओटी घेणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी येता क्षणी ओटी घ्या.

'औषधाचा वास येतो' अशी तक्रार आहे, पण दहा सेकंदांची ओटी फिकट आणि पाच मिनिटांनी गडद: पाण्यात अमोनिया आहे, क्लोरीन त्याच्याशी बांधलं गेलं आहे. वास त्याचाच. अशा वेळी लोक डोस कमी करायला सांगतात आणि तो कमी केला जातो, आणि नेमकं उलट होतं. विहिरीशेजारचा गोठा, उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा तपासा, आणि तो सापडेपर्यंत बादलीच्या चाचणीत मुक्त क्लोरीन उरेल एवढा डोस वाढवा.

गळती: पाणी बाहेर जातं तसं आतही येतं

चोवीस तास दाबाखाली असलेल्या लाइनच्या भोकातून पाणी बाहेर जातं. आपल्याकडे पाणी तास-दोन तास सुटतं. व्हॉल्व्ह बंद झाला की उताराच्या घरांत नळ चालूच असतो, वरच्या भागात लाइन रिकामी होत जाते आणि भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यात कुणी नळालाच टुल्लू पंप लावला असेल तर ओढ कितीतरी वाढते. टुल्लूवरची बंदी पाणीचोरीच्या कारणाने घातली जाते, पण आरोग्याचं कारण त्याहून मोठं आहे. ग्रामसभेत ते तसंच सांगा.

गळती किती आहे ते रात्री मोजा. आधी टाकीचा निकास बंद ठेवून तासभर पातळी बघा. पाच मीटर आतल्या व्यासाच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे सुमारे १९६ लिटर गेले. निकास बंद असतानाही उतरते आहे तर टाकी किंवा व्हॉल्व्ह गळतो. मग घरोघरी नळ बंद करायला सांगून निकास उघडा, लाइन भरू द्या आणि पुन्हा तासभर मोजा. आता जे उतरलं ती लाइनची गळती. एकेक फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करत गेलं की कोणता फाटा पितो ते कळतं.

दुरुस्तीची रीत:

खड्डा पाइपच्या खाली किमान एक फूट जाईल असा खोदा, म्हणजे गढूळ पाणी पाइपच्या तोंडाखाली राहील. खोदताना लाइनमध्ये थोडा दाब असू द्या, पाणी बाहेर येत राहिलं तर चिखल आत जात नाही. खड्डा उपसून झाल्यावरच व्हॉल्व्ह बंद करा आणि पाइप कापा. कापलेली तोंडं आणि नवा तुकडा टीसीएलच्या द्रावणाने आतून पुसा. पीव्हीसीला सॉल्व्हंट सिमेंट लावताना दोन्ही पृष्ठभाग कोरडे हवेत, आणि डब्यावर लिहिलेला वेळ दिल्याशिवाय दाब देऊ नका. एचडीपीईला कॉम्प्रेशन कपलर वापरा. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून खड्डा बुजवणं ही दुरुस्ती नव्हे. ती पाणी बाहेर यायचं कमी करते, आत यायचं नाही.

मोठा तुकडा बदलला असेल तर तो धुवा. आतून ८० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरला सुमारे ५ लिटर पाणी मावतं, १०० मीटरला ५००. ५० पीपीएमसाठी २५ टक्क्यांची १०० ग्रॅम पावडर लागते. तिचं निवळलेलं द्रावण पाण्यासोबत लाइनमध्ये भरा, रात्रभर ठेवा, त्या फाट्याच्या घरांना नळ न उघडण्याची ताकीद द्या. सकाळी वॉशआउटमधून सोडून द्या, आणि ओटी नेहमीच्या आकड्यावर आली की पाणी चालू करा.

गटारातून गेलेल्या घरजोडण्या हा बहुतेक गावांचा दुखरा भाग आहे. गंजलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गटाराच्या पाण्यात पडलेला असतो आणि तो घरमालकाचा म्हणून ग्रामपंचायत हात लावत नाही. पण त्यातून येणारी घाण शेजाऱ्याच्या नळात जाते. अशा जोडण्यांची यादी करा, फेरूल आणि सॅडल (मुख्य पाइपावर घरजोडणी बसवायचे भाग) बदलून पाइप गटाराच्या वरून, बाहेरून दुसरा मोठा पाइप घालून न्या. खर्च गावच्या पाणी समितीने केला तरी स्वस्तच पडतो.

टाकी

दर तीन महिन्यांनी, आणि पावसाळ्यापूर्वी नक्की. आदल्या दिवशी दवंडी किंवा मेसेज. पाणी वॉशआउटने वीतभर उरेपर्यंत उतरवा. आत दोन माणसं, झाकणापाशी एक, तो तिथून हलायचा नाही. झाकण तासभर आधी उघडून हवा खेळू द्या. गाळ काढायला पेट्रोल किंवा डिझेलचा पंप टाकीच्या आत उतरवू नका. त्याच्या धुराने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरणाराही.

नायलॉनचा ब्रश वापरा, तारेचा ब्रश गिलावा खरवडतो. साबण, धुण्याची पावडर काही नको. धुऊन गाळ वॉशआउटने काढला की भिंती आणि तळ २०० पीपीएमच्या द्रावणाने भिजवा. २० लिटर पाण्याला २५ टक्क्यांची १६ ग्रॅम टीसीएल, निवळून घेतलेली. फवारताना आतल्या माणसाला उग्र वास सहन होत नसेल तर बाहेर या, घाई नको. अर्धा तास थांबा, पुन्हा धुवा, भरा. तारीख टाकीच्या खांबावर रंगवा.

त्याच वेळी बघायचं: झाकण बसतं का, हवा जाण्याच्या नळीला आणि ओव्हरफ्लोला जाळी आहे का, शिडीला कुलूप आहे का. कबुतरांची पिसं सापडली तर जाळी फाटली आहे.

विहीर आणि पावसाळा

दख्खनच्या मुरमाड बेसॉल्टात आणि कोकणातल्या जांभ्यात पावसाचं पाणी भेगांतून चटकन खाली जातं, गाळून निघायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर विहिरीचं पाणी वर्षातलं सगळ्यात वाईट असतं. त्या आठवड्यात बादलीची चाचणी रोज.

कठडा किमान मीटरभर उंच, भोवती बाहेर उतार असलेला ओटा, ओट्याला चर, आणि १५ मीटरच्या आत शौचालय, शोषखड्डा, उकिरडा किंवा धुणं नको. ओट्याची तडे गेलेली जागा सिमेंटने भरणं हे वर्षातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम आहे.

विहिरीत थेट टीसीएल टाकायची वेळ पुरात पाणी शिरलं किंवा आत जनावर पडलं तर येते. पाणी किती ते असं काढा: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. सहा मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे १,१३,०४० लिटर. द्रावण बादलीत घेऊन दोराने पाण्यात खालीवर करा, म्हणजे मिसळतं. रात्री टाका, सकाळी ओटी घेऊन मगच मोटर.

गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, जंतू मातीच्या कणांआड सुटतात. मानकात गढूळपणा १ एनटीयू, पर्याय नसेल तर ५ पर्यंत. तुरटीचा डोसही चाचणीने ठरवा. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. त्यातलं १ मिली एक लिटरला म्हणजे १० पीपीएम. पाच बाटल्यांत १ ते ५ मिली घाला, मिनिटभर जोरात आणि दहा मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास ठेवा. सगळ्यात कमी तुरटीत नितळ झालेली बाटली घ्या. पण ज्या योजनेत निवळायला वेगळी टाकी नाही तिथे तुरटी उंच टाकीत टाकू नका, सगळा गाळ तिथेच बसेल आणि नळाला येईल. त्यापेक्षा दोन दिवस दुसऱ्या स्रोताचं पाणी घ्या किंवा टँकर. १०,००० लिटरच्या टँकरला २ पीपीएमसाठी ८० ग्रॅम. टँकरचालकाच्या शब्दावर न जाता ओटी घ्या.

मोटर

स्टार्टरवर दोन आकडे रोज लिहा: व्होल्टेज आणि अँपिअर. मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरपेक्षा जास्त घेत असेल तर व्होल्टेज कमी आहे, बेअरिंग धरलं आहे किंवा वाळू अडकली आहे. अँपिअर कमी आणि पाणीही कमी असेल तर पातळी खाली गेली किंवा पंप हवा ओढतो आहे. २०० लिटरचं पिंप किती सेकंदांत भरतं ते महिन्यातून एकदा मोजा. आपल्या ठरलेल्या गावात ते ७२ सेकंदांत भरायला हवं. ९० लागू लागले तर कारण शोधा, उन्हाळ्याची वाट बघू नका.

सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर थांबवणारा) आणि ड्राय रन संरक्षण (पाणी नसताना मोटर थांबवणारं) बंद करून मोटर चालवली की रिवाइंडिंगचा खर्च ठरलेला. ओव्हरलोड रिले (जास्त अँपिअर घेतले की मोटर बंद करणारा) पाटीवरच्या अँपिअरलाच लावा. तो सारखा पडतो म्हणून बांधून ठेवणाऱ्या माणसाला पडण्याचं कारण विचारा. मोटर बंद केल्यावर पाणी मागे धावण्याचा आवाज आला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला आहे. लगेच पुन्हा चालू केली तर उलट फिरणारा शाफ्ट मोडू शकतो.

प्रयोगशाळा

ओटी जंतू दाखवत नाही आणि फ्लोराइडही नाही. जंतूंची तपासणी वर्षातून किमान दोनदा, रासायनिक एकदा. बाटल्या भरायच्या दोन रीती उलट आहेत. जंतूंसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली खंगाळायची नाही, तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन असतं. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. रासायनिक तपासणीचा कॅन मात्र त्याच पाण्याने तीनदा खंगाळायचा.

नायट्रेट ४५ पीपीएमच्या वर किंवा फ्लोराइड १.५ च्या वर आलं तर टीसीएल आणि उकळणं दोन्ही निरुपयोगी. उकळल्याने पाणी उडतं आणि नायट्रेट आणखी घट्ट होतं. नायट्रेटचं पाणी तान्ह्या मुलांना अजिबात नको. दुसरा स्रोत, किंवा पावसाचं साठवलेलं पाणी मिसळणं, हे त्यातले सोपे मार्ग. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मुळातच क्षार जास्त, तिथे नवी बोअर घेण्याआधी पाणी तपासा.

एचटूएसची कुपी गावातच वापरता येते. खुणेपर्यंत भरा, ऊबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा. काळी पडली तर पाणी दूषित. नंतर तिच्यात टीसीएल घालून अर्ध्या तासाने ओता, आत जंतू वाढलेले असतात.

जुलाबाचे रुग्ण वाढले तर

एका गल्लीत दोन-तीन रुग्ण दिसताच आशाताईंकडून घरं विचारून नकाशावर टिंबं द्या. टिंबं एका फाट्यावर गोळा झाली तर दोष त्या फाट्यात, गावभर विखुरली तर विहिरीत किंवा टाकीत. त्या फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करा, टँकर द्या, उपकेंद्राला कळवा. डोस वाढवण्याआधी नमुना भरून घ्या, नाहीतर अहवाल स्वच्छ येईल आणि कारण हाती लागणार नाही. मग शेवटच्या नळावर ०.५ पीपीएम येईल एवढा डोस ठेवा. घरी पाणी खळखळून उकळायला सांगा, मेडिक्लोर (घरच्या पाण्यात घालायचं क्लोरीनचं द्रावण) वाटत असाल तर बाटलीवरचं प्रमाण वाचून दाखवा. गळती सापडून लाइन धुऊन होईपर्यंत फाटा उघडू नका, कितीही दबाव आला तरी.

वही

तारीख, मोटरचे तास, व्होल्टेज, अँपिअर, वापरलेली टीसीएल, तीन ओट्या, सही. एवढे रकाने पुरेत. महिन्याच्या शेवटी समितीने एकच गुणाकार करावा. ६६,००० लिटर, २ पीपीएम, २५ टक्के पावडर: रोज ५२८ ग्रॅम, महिन्याला सुमारे १६ किलो. २५ किलोची गोणी साधारण ४७ दिवसांत संपायला हवी. तीन महिने झाले तरी ती अर्धी उरली असेल आणि वहीत रोज ०.२ लिहिलेलं असेल, तर वही घरी बसून भरली जाते आहे. पाणी सोडणाऱ्याच्या पगाराचं आणि पावडरीच्या पैशाचं बघा, पाणीपट्टी त्यावरच बसवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी येता क्षणी शेवटच्या नळावर समितीतल्या कुणीतरी स्वतः ओटी घ्या.